वस्तऱ्याचे पाणी, पाठ आणि धार

कारागिरांच्या बोलीतील एखादा शब्द आपण टिपून घेतो, त्यापुढे प्रमाणभाषेतील एक-दोन पर्याय लिहितो आणि अर्थ सांगून झाला असे समजतो. ही समजूत किती फसवी असते याचा अनुभव प्रस्तुत लेखकास वस्तऱ्याच्या निमित्ताने आला. काही वर्षांपूर्वी धार लावणाऱ्या कारागिरांच्या शब्दांच्या ज्या नोंदी त्याने केल्या, त्यांत ‘पाणी’ ह्या शब्दापुढे ‘धार, तीक्ष्णता’ एवढेच लिहिलेले होते. पुढे एकदा जुन्या बाजारात मिळालेला वस्तरा त्याने एका वृद्ध शिकलगारास दाखविला. त्यांनी तो नखावरून हलकेच ओढून पाहिला आणि परत देताना ते म्हणाले, “मास्तर, ह्याला धार आहे, पण पाणी नाही.”

नोंद खरी मानावी तर ह्या वाक्याचा अर्थ ‘ह्याला धार आहे, पण धार नाही’ असा होतो. बोलणाऱ्याची हयात ह्या कामात गेलेली असल्यामुळे चूक वाक्यात नसून नोंदीत होती, हे उघड होते. ती नेमकी कोठे आहे हे केवळ विचारपूस करून कळेना. म्हणून लेखकाने साध्या व अल्पमोली साधनांनी स्वतः वस्तरा घडवून पाहिला. एकूण पाच पाती घेतली. त्यांतील दोन वाया गेली आणि तीन उपयोगी पडली. त्या कामाची रीत, तिच्यामागील कारणे आणि त्यातून शब्दार्थांवर पडलेला प्रकाश ह्यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१. शब्दांची पूर्वपीठिका

‘वस्तरा’ हा शब्द फारसी ‘उस्तुरा’ ह्यापासून आलेला आहे. शब्दारंभीच्या ‘उ’चा ‘व’ झाल्याचे दुसरे परिचित उदाहरण म्हणजे ‘उस्ताद’ – ‘वस्ताद’. ‘शिकलगार’ हा शब्दही फारसीमार्गेच आला. त्यातील ‘शिकल’ हे शस्त्रास झिलई देण्याच्या अर्थी असलेल्या अरबी ‘सैकल’चे रूप होय.

ह्या अवजाराचे जुने भारतीय नाव ‘क्षुर’. तो ऋग्वेदात आढळतो आणि ग्रीक भाषेतील ‘क्सुरोन’ हा त्याच अर्थाचा शब्द त्याचा सगोत्र आहे. कठोपनिषदात मार्गाच्या दुर्गमतेला जी उपमा दिली आहे ती क्षुराच्या धारेचीच. मराठीत ‘क्ष’चा प्राकृत ‘छ’ होऊन पुढे ‘स’ किंवा ‘श’ होतो. इक्षु – ऊस, मक्षिका – माशी, त्याचप्रमाणे क्षुर – सुरा, सुरी. म्हणजे जुना शब्द भाषेतून गेला नाही. तो स्वयंपाकघरातल्या पात्याचे नाव झाला. दाढीच्या पात्याला फारसी नाव मिळाले, आणि क्रियेसाठी मात्र ‘क्षौर’ हे तत्सम रूप टिकून राहिले. वस्तूचे नाव एका परंपरेतून आणि क्रियेचे दुसरीतून, अशी ही वाटणी आहे.

ही झाली शब्दांची कुळकथा. पण व्युत्पत्ती कितीही शुद्ध असली तरी ‘पाणी नाही’ म्हणजे काय, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी वस्तूकडेच वळले पाहिजे.

२. वस्तऱ्याची भूमिती

स्वयंपाकाची सुरी आणि वस्तरा ह्यांत जो मूलभूत भेद आहे, तो तीक्ष्णतेच्या प्रमाणाचा नव्हे. धारेचा कोन कोण ठरवितो, ह्याचा आहे. सुरीला धार लावताना तिची पाठ दगडापासून किती उचलावयाची हे लावणाऱ्याचा हात ठरवितो. वस्तरा मात्र दगडावर आडवा, सपाट ठेवतात. त्याची पाठ आणि त्याची धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली असतात. हाताला कोन धरावयाचा नसतो. तो पात्याच्या घडणीतच धरून ठेवलेला असतो. पाठीची जाडी आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी ह्यांच्या गुणोत्तरावरून तो निश्चित होतो.

उदाहरणार्थ, पाठ ५.५ मिलिमीटर जाड व पाते १९ मिलिमीटर रुंद असेल, तर अर्धी जाडी २.७५, तिला १९ने भागले असता ०.१४५ येतात. ही ज्या कोनाची ज्या आहे तो कोन सुमारे ८.३ अंशांचा, आणि दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन सुमारे १६.६ अंशांचा होतो. चांगल्या वस्तऱ्यांचा कोन सामान्यतः ह्याच्याच आसपास असतो. त्याच रुंदीस पाठ ७ मिलिमीटर ठेवली तर कोन २१ अंशांच्या वर जातो व पाते केस कापण्याऐवजी ओढू लागते. पाठ ४.५ मिलिमीटरवर आणली तर कोन १४ अंशांच्या खाली येतो आणि धारेचे सूक्ष्म कण उडू लागतात.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वस्तरा घडविणाऱ्याला महागडी यंत्रे नसली तरी चालते, परंतु मापात चुकून चालत नाही. रुंदी आणि पाठ ही दोन मापे साधली, पाठीच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर राहिल्या आणि धार त्यांच्या बरोबर मध्यावर आली, म्हणजे उरलेले काम दगड आपोआप करतो. शिवाय दगडावर पाठ व धार दोन्ही झिजत असल्याने वर्षानुवर्षे धार लावूनही कोन फारसा बदलत नाही. आपले माप आपल्याच अंगी बाळगणारे असे अवजार क्वचितच आढळेल.

३. परंपरेतील घासणी

वस्तरे घडविण्याची जगातील दोन प्रसिद्ध केंद्रे म्हणजे इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन. शेफील्ड येथे १७४०च्या सुमारास बेंजामिन हंट्समन ह्याने मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धत यशस्वी केली आणि एकजिनसी, निर्मळ पोलाद मिळू लागले. पाते घडविणारा, घासणारा आणि मूठ बसविणारा हे तेथे तीन वेगळे कारागीर असत. घासणारे पाणचक्कीवर फिरणाऱ्या वालुकाश्माच्या मोठ्या चाकांपुढे बसत. पोर्टर नदीवरील ‘शेपर्ड व्हील’ ही अशी एक कार्यशाळा संग्रहालयाच्या रूपाने जतन केलेली आहे. झोलिंगेनजवळ वुपर नदीकाठीही तशी घासणीघरे होती.

जुने शेफील्डचे वस्तरे पाचरीसारखे, म्हणजे दोन्ही बाजूंनी जवळजवळ सपाट असत. एकोणिसाव्या शतकात लहान चाके वापरून पात्याच्या दोन्ही अंगांना खोलगट करण्याची रीत वाढली. खोलगट पात्याचा लाभ असा की, धार लावताना दगडावर घासावयाचे धातूचे क्षेत्र फार थोडे राहते. नुसती पाठ आणि धारेलगतची एक अरुंद पट्टी. पाचरी पाते दगडावर तास-तास घासावे लागते. खोलगट पाते थोडक्या वेळात तयार होते.

आपल्याकडील पोलादाचाही ह्या इतिहासाशी एक धागा जुळतो. दक्षिण भारतातील मुशीच्या पोलादास युरोपात ‘वुट्झ’ म्हणत. कन्नड ‘उक्कु’ ह्या शब्दाच्या चुकीच्या लेखनातून ते नाव आले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. लंडनमधील जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेची हत्यारे व पाती करणारा कारागीर ह्या पोलादाचा चाहता होता. मायकेल फॅरडेसमवेत त्याने पोलादाच्या मिश्रधातूंवर जे प्रयोग केले त्यांचे निबंध १८२० व १८२२ साली प्रसिद्ध झाले. आणि त्या प्रयोगांतील पोलादाचे वस्तरे करून फॅरडेने आपल्या स्नेह्यांना भेट दिले होते. मराठीत पोलादास ‘तिखे’ असा जो जुना शब्द आहे तो ‘तीक्ष्ण’ ह्यापासून आलेला. तो आज मागे पडून फारसी ‘पोलाद’ रूढ झाला आहे.

४. पोलादाची निवड व कच्ची घडण

घरगुती कामासाठी सर्वांत सोयीचे पोलाद म्हणजे साचे करणाऱ्यांच्या वापरातील ‘ओएचएनएस’ जातीची पट्टी. हिच्यात कार्बन एका टक्क्याच्या किंचित खाली असतो आणि ती तेलात कठीण होते. बेअरिंगच्या कामातील ‘ईएन ३१’ हे पोलादही चालते. जुन्या कानशीचे पोलाद उत्तम असते, परंतु काही कानशी केवळ वरच्या थरात कठीण केलेल्या असतात. तेव्हा कोणती कानस हाती आली हे ठाऊक नसल्यास नवशिक्याने त्या वाटेस जाऊ नये.

लेखकाने ६ मिलिमीटर जाड व २५ मिलिमीटर रुंद पट्टी घेतली. तीवर पात्याची व मुठीत जाणाऱ्या शेपटाची आकृती खरवडून काढली आणि हातकरवत, शिकंजा व कानस ह्यांनी ती कापून घेतली. पाते सुमारे ७५ मिलिमीटर लांब ठेवले. मुठीच्या रिबिटासाठी लागणारे छिद्र ह्याच वेळी पाडून घ्यावे. पोलाद कठीण झाल्यावर साधे ड्रिल त्याला भोक पाडू शकत नाही.

आता धारेची मध्यरेषा आखावयाची. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पट्टीच्या जाडीइतक्याच व्यासाचे ड्रिल सपाट काचेवर आडवे ठेवावे. त्याचे टोक काचेपासून बरोबर अर्ध्या जाडीवर येते. पाते त्याच काचेवर आडवे ठेवून त्याची कड ह्या टोकावरून सरकविली की मध्यरेषा उमटते. पाते उलटे करून पुन्हा एकदा ओढावे. दोन रेषा एकमेकींवर पडल्या तर आखणी बिनचूक. लाखो रुपयांच्या यंत्राने ह्याहून सरळ रेषा निघेल, पण वस्तऱ्याला तिची गरज नाही.

ह्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी पट्टीचा उतार काढावयाचा असतो. तो पाणी देण्यापूर्वी पुरा करू नये. धारेच्या ठिकाणी सुमारे पाऊण मिलिमीटर जाडी राखावी. कड ह्याहून पातळ झाली तर ती पाणी देताना बाक धरते किंवा तडकते.

५. पाणी देणे

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येतो. पोलाद लाल होईपर्यंत तापविले म्हणजे त्यातील कार्बन लोहाच्या स्फटिकरचनेत विरघळतो. सावकाश थंड झाल्यास तो पुन्हा वेगळा पडतो. एकाएकी थंड केल्यास त्याला बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही, तो रचनेतच अडकतो आणि पोलाद अत्यंत कठीण, तितकेच ठिसूळ बनते. ह्या क्रियेस आपल्या बोलीत ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ म्हणतात. कल्पना प्राचीन आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गलक्षणाच्या प्रकरणात शस्त्राला कोणकोणते द्रव पाजावेत ह्याचे विधान असून तेथे त्यास ‘पान’ असेच म्हटले आहे. फारसीतील ‘आब’ ह्या शब्दालाही पाणी आणि पात्याचे तेज असे दोन्ही अर्थ आहेत.

दोन उष्णतारोधक विटांमध्ये पोकळी करून तीत गॅसची बत्ती सोडली की एका वस्तऱ्यापुरती भट्टी होते. उष्णता मोजण्यास साधन नसले तरी लोहचुंबक पुरतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर रंग आणखी किंचित उजळला, म्हणजे तपमान ८०० अंशांच्या आसपास आले, की पाते बाहेर काढून कोमट केलेल्या गोडेतेलात सरळ बुडवावे. ते वर-खाली हलवावे, आडवे कधीही हलवू नये. एका बाजूस थंडावा अधिक लागला तर पाते त्या आघाताने वाकते. लेखकाचे दुसरे पाते वाया गेले ते येथेच. तेल हाताशी नव्हते. ‘पाणी देणे’ हा शब्दप्रयोग अक्षरशः घेऊन त्याने पाते साध्या पाण्यात बुडविले. टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज झाला आणि धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी एक चीर गेली. शब्दात पाणी आहे. परंतु ह्या जातीच्या पोलादाला पाणी तेलातच द्यावे लागते, हे त्या चिरेने शिकविले.

पाणी बसले की नाही ह्याची परीक्षा कानशीने होते. वरची काजळी खरवडून कानस फिरविली असता ती काचेवरून गेल्यासारखी निसटली पाहिजे. त्यानंतर लगेच पात्याचे पुनस्तापन करावे, ज्याला कारखान्यांत टेंपरिंग म्हणतात. केक भाजण्याच्या विजेच्या ओव्हनमध्ये १९० ते २०० अंशांवर एकेक तास, असे दोनदा पाते ठेवले तर ठिसूळपणा पुष्कळसा जातो आणि काठिण्य वस्तऱ्याला हवे तेवढे उरते. स्वच्छ केलेल्या पात्यावर ह्या वेळी फिकट गवती रंगाची झाक येते. उष्णता वाढत गेल्यास हा रंग गडद गवती, तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा होत जातो. हे रंग म्हणजे पृष्ठावर चढलेल्या गंजाच्या अतिसूक्ष्म थराचे. परंतु ते आतील अवस्थेची साक्ष देतात. निळा रंग आला की त्या जागेचे पाणी उतरले म्हणून समजावे.

६. चाकावरील घासणी

पाणी दिलेल्या पात्याला खोलगटी आणणे हा ह्या कामाचा गाभा, आणि सारा धोकाही येथेच आहे. कारण पाणी २०० अंशांच्या बळावर टिकलेले असते, आणि फिरत्या चाकाखाली पातळ कड क्षणार्धात त्याच्या वर जाते. पाठीची उष्णता जाडीत पसरून निवते. धारेपाशी ती सामावून घेण्याइतका धातूच नसतो. म्हणून जेथे पाण्याची सर्वांत अधिक गरज, तेथेच ते सर्वांत आधी उतरते.

बाजारात मिळणारा साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा पृष्ठवेग त्यामुळे सेकंदाला साडेबावीस मीटरच्या पुढे जातो. हा वेग नवशिक्यास फार होतो. जुन्या यंत्रातून काढलेली, मिनिटाला १,४४० फेरे घेणारी मोटर मिळाल्यास तोच वेग निम्म्यावर येतो व हाताला सावरण्यास अवधी मिळतो. लेखकाने अशाच मोटरीच्या दांड्यावर प्लायवूडची चकती बसविली, तिचा परीघ फिरता असतानाच घासून गोल केला आणि त्यावर एमरी कापडाची पट्टी डकविली. प्रथम ८० नंबरची, मग १२०ची, मग २२०ची.

चाकाचा व्यास किती असावा, हा प्रश्न अनेकांना केवळ सोयीचा वाटतो. तो तसा नाही. खोलगटीची मधली खोली ही तिच्या रुंदीच्या वर्गास त्रिज्येच्या आठपटीने भागून मिळते. खोलगटी १६ मिलिमीटर रुंद व चाकाची त्रिज्या ७५ मिलिमीटर असता ती प्रत्येक बाजूस सुमारे ०.४३ मिलिमीटर येते. धारेपासून ८ मिलिमीटरवर पाचरी पात्याची जाडी सुमारे २.३ मिलिमीटर असते. खोलगट केल्यावर ती १.४५ उरते. धारेपासून ४ मिलिमीटरवरचा फरक अधिक बोलका आहे : पाचरी पात्याची १.१६ मिलिमीटर जाडी येथे ०.५२ म्हणजे निम्म्याहूनही कमी होते.

मग चाक आणखी लहान घेतले तर? १६ मिलिमीटर रुंदीस व १६.६ अंशांच्या कोनास ११० मिलिमीटर हा व्यास सीमारेषेवर येतो. त्या व्यासाच्या चाकाने एकाच बैठकीत पाठीपासून धारेपर्यंत घासल्यास दोन्ही बाजूंच्या खोलगटी धारेपाशी एकमेकींना स्पर्श करतात. त्याहून लहान चाकाने त्या धारेच्या आतच एकमेकींना छेदतात, म्हणजे धारच नाहीशी होते. पूर्ण खोलगट वस्तरे लहान चाकांवर घासले जातात हे खरे. पण ते एका बैठकीत नव्हे. पात्याच्या वरच्या व खालच्या भागास वेगवेगळे टेकवून, मध्ये किंचित उंचवटा राखून ते घडविले जातात, आणि त्या उंचवट्याने पातळ पात्यास ताठपणा येतो. ते काम वर्षानुवर्षांच्या सवयीचे आहे. घरगुती कारागिराने १५० ते २०० मिलिमीटरच्या चाकावर समाधान मानावे. पाते किंचित जड होते, परंतु दाढी तितकीच स्वच्छ होते.

घासताना पाळावयाचे नियम थोडे आहेत. पाते उघड्या बोटांनी धरावे, कारण बोट हेच येथील उष्णतामापक. बोटाला सोसवेनासे झाले की पाते पाण्यात बुडवावे. प्रत्येक फेऱ्यानंतर पाते उलटून दुसरी बाजू घ्यावी, म्हणजे मध्यरेषा ढळत नाही. चाकावर पाते थांबवू नये. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारख्या गतीने न्यावे. पाठीच्या दोन कडा, ज्या पुढे दगडाला टेकावयाच्या आहेत, त्यांना चाकाचा स्पर्शही होऊ देऊ नये. धारेची जाडी ०.३ मिलिमीटरवर आली की चाक थांबवावे. पुढचे काम हाताने करावे. १४० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळाचा तुकडा घेऊन त्यावर एमरी कागद गुंडाळला तर चाकाने पाडलेल्या खोलगटीत तो नेमका बसतो. नळाची त्रिज्या चाकाच्या त्रिज्येहून किंचित कमी असणे आवश्यक आहे. अधिक असल्यास तो फक्त कडांना घासतो, तळाला पोचत नाही.

लेखकाचे पहिले पाते अखेरच्या दोन मिनिटांत बिघडले. सर्व मापे साधली होती; मोहाने धार चाकावरच आणखी पातळ करू गेलो आणि टोकाजवळ बोटाच्या पेराएवढ्या भागावर निळी झाक आली. ती पॉलिशने पुसून काढली. झाक गेली, पाते लखलखीत दिसू लागले. दगडावर त्याला उत्तम धार आली. पहिला गाल निर्वेध झाला. दुसऱ्या गालावर मध्येच तो निळा झालेला भाग ओढू लागला. भिंगाखाली पाहता तेवढीच धार एका अंगास वळलेली दिसली. पुन्हा दगडावर घेतली, पुन्हा तीक्ष्ण झाली, पुन्हा वळली. त्या दिवशी शिकलगाराचे वाक्य समजले. त्या पेरभर जागेस धार होती, पाणी नव्हते.

येथे सावधगिरीबद्दल दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. शेफील्डमधील कोरड्या दगडावर काम करणारे कारागीर, विशेषतः काटे घासणारे, दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन तरुणपणीच दगावत. आजची चाके वालुकाश्माची नसतात, तरीही धूळ ही धूळच. नाकावर योग्य मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा असल्याखेरीज मोटर सुरू करू नये. फिरत्या चाकाजवळ हातमोजे वा सैल बाही नसावी. ती ओढली जाते. दगडी चाक वापरावयाचे असल्यास ते बसविण्यापूर्वी टांगून लाकडाने हलकेच ठोकावे. स्वच्छ नाद न येता बद्द आवाज आला तर त्यात चीर आहे असे समजून टाकून द्यावे.

७. दगड आणि चामडे

घासणी कशी झाली ह्याचा निकाल दगड देतो. १,००० नंबरच्या पाणदगडावर पाते आडवे ठेवून, धार पुढे करून, हलक्या हाताने फिरविले की धारेलगत एक चकचकीत पट्टी उमटते. ती लांबीभर सारख्या रुंदीची असेल तर घासणी समतोल झाली. एका टोकास रुंद व दुसऱ्यास अरुंद असल्यास पाते तेथे जाड राहिले आहे. एका बाजूस रुंद व दुसरीस अरुंद असल्यास मध्यरेषा ढळली आहे. घासणीतील प्रत्येक चूक ह्या पट्टीत वाचता येते. त्यानंतर ४,००० व ८,००० नंबरचे दगड घ्यावेत. दाब वाढविल्याने काम लवकर होत नाही. पातळ पाते दाबाने लवते आणि धार दगडावरून उचलली जाते.

शेवटी चामड्याचा पट्टा. येथे दिशा उलटते : पाठ पुढे, धार मागे. धार पुढे ठेवली तर ती चामडे कापील. पट्ट्याने धातू फारसा जात नाही. धारेची सूक्ष्म किनार सरळ होते, एवढेच. म्हणून दगडाचे काम पट्ट्याने भागत नाही आणि रोजच्या पट्ट्याचे काम दगडावर करण्याचेही कारण नाही. ज्याच्या धारेत पाणी आहे असा वस्तरा रोज पट्ट्यावर फिरवून महिनोन्महिने चालतो.

८. उपसंहार

आता त्या चुकलेल्या नोंदीकडे वळू. धार हा पात्याचा आकार आहे. दोन पृष्ठे एका कोनात येऊन मिळाली की धार निर्माण होते. ती दगडाने येते, जाते, पुन्हा येते. पाणी ही धातूची आंतरिक अवस्था आहे. ती अग्नी आणि तेल ह्यांनी एकदा येते, आणि गेली तर दगडाने परत येत नाही. पाते पुन्हा भट्टीतच घालावे लागते. पाठ ह्या दोहोंहून वेगळी : ती धारेचा कोन ठरविते, पण पाण्याशी तिचा संबंध नाही. ज्या कारागिरास हे तीन शब्द वेगळे आहेत त्याला बिघाडाचे निदान करता येते. कोन चुकला असेल तर तो पाठ पाहील, नुसता बोथटपणा असेल तर दगड घेईल, आणि धार येऊनही टिकत नसेल तर भट्टी पेटवील. ह्या तिन्हींना ‘तीक्ष्णता’ ह्या एका पर्यायात कोंबणाऱ्या कोशाच्या आधारे मात्र ह्यांतील एकही निर्णय घेता येणार नाही.

ह्या भेदाची निकड आज विशेष आहे. केशकर्तनालयांतून आता बहुधा अर्धे पाते अडकविण्याचा वस्तरा वापरला जातो. प्रत्येक गिऱ्हाइकामागे पाते बदलले जाते आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्या पात्याला धार लावावी लागत नाही, त्याला पाणी कोणी दिले ते ठाऊक नसते आणि त्याला पाठच नसते. ज्या कृतीत हे शब्द एकमेकांपासून वेगळे राहिले होते ती कृतीच थांबली, म्हणजे शब्द उरले तरी त्यांच्यामधील सीमारेषा पुसल्या जातात. मग ‘धार’ आणि ‘पाणी’ हे समानार्थी आहेत असे सांगणारी नोंद चूक आहे, हे सांगण्यास कोणी राहणार नाही.

व्यवसायबोलींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक अवजार स्वतः घडवावे, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु एखाद्या शब्दाचा अर्थ विचारताना ‘ह्याला काय म्हणतात?’ एवढ्यावर थांबू नये. ‘हे बिघडले तर तुम्ही काय करता?’ असाही प्रश्न विचारावा. दोन शब्दांचे उपाय भिन्न असतील तर त्यांचे अर्थ भिन्न असलेच पाहिजेत. प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न वेळीच विचारला असता, तर त्याचे एक पाते वाचले असते. नोंद आता दुरुस्त केली आहे : ‘पाणी – पोलादास तापवून व एकाएकी निववून आलेली काठिण्याची अवस्था, जिच्यामुळे धार टिकते, अतितापाने उतरते, धार लावून परत येत नाही.’ तिच्याखाली शिकलगाराचे ते वाक्य उदाहरण म्हणून लिहिले आहे.